वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२, मृत्यू : सिद्धपूर, गुजरात, ८ एप्रिल १९५३) हे भारतातील आधुनिक उद्योगांच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. रेल्वेची बांधकामे, जहाजवाहतूक, जहाजबांधणी, विमानांचा कारखाना, साखर कारखाने आणि मोटारनिर्मिती अशा परस्परांपासून दूरच्या क्षेत्रांत त्यांनी उद्योग उभारले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, बंगळूरचा हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना, विशाखापट्टणमची गोदी आणि मुंबईतील कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाईल्स हा मोटार कारखाना यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. जहाजवाहतुकीतील त्यांच्या कामाविषयी बरेच लिहिले गेले आहे. मोटारीच्या कारखान्यासाठी त्यांनी दिलेला दीर्घ लढा त्या मानाने कमी परिचित आहे. वास्तविक त्यांचा स्वभाव, त्यांची चिकाटी आणि त्यांच्या मर्यादाही त्या एका उद्योगात सर्वांत स्पष्ट दिसतात.

जन्म आणि कुटुंब

वालचंदांचा जन्म सोलापुरात स्थायिक झालेल्या गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचे व्यापारी व सावकार होतेच, शिवाय जैन समाजातील सुधारणांचे पुरस्कर्ते म्हणूनही ओळखले जात. 'जैन बोधक' हे मासिक त्यांनीच सुरू केले. घरची भाषा गुजराती आणि गावची मराठी, त्यामुळे दोन्ही भाषा वालचंदांना लहानपणापासून सारख्याच अवगत होत्या. पुढे महाराष्ट्रातील व्यापारी व उद्योजकांच्या संघटनेत त्यांनी पुढाकार घेतला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

शालेय शिक्षण सोलापुरात व पुढील शिक्षण मुंबई-पुण्यात झाले, परंतु पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात आले. त्यात त्यांचे मन रमले नाही. धान्याच्या व्यापारात त्यांनी तोटाही सोसला. पेढीवर बसून व्याज मोजण्यापेक्षा काही बांधावे, उभारावे याकडे त्यांचा ओढा होता.

रेल्वेची कंत्राटे

ही संधी त्यांना लक्ष्मण बळवंत फाटक यांच्यामुळे मिळाली. फाटक रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून त्यांनी लहान कंत्राटे घेण्यास आरंभ केला होता. कामाची माहिती त्यांच्याकडे होती, भांडवल नव्हते. वालचंदांकडे घराण्याची पत होती, पण कामाचा अनुभव नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'फाटक आणि वालचंद' ही भागीदारी सुरू झाली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंदमापी मार्गावरील कामापासून तिने जम बसवला. मराठी ब्राह्मण कारकून व गुजराती जैन व्यापारी यांची ही भागीदारी त्या काळात कुतूहलाचा विषय होती.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी बांधकामे वाढली आणि कंपनीचा पसाराही वाढला. १९२० मध्ये ती टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली व कारभार वालचंदांकडे आला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या मोठ्या नळांचे काम, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल ही त्या काळातील ठळक कामे होत. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली.

कंत्राटदाराच्या या आयुष्याने वालचंदांना दोन गोष्टी शिकवल्या. मोठे काम अंगावर घेऊन मग त्यासाठी माणसे आणि पैसा जमवायचा, ही एक. दुसरी म्हणजे सरकारी कचेरीत नकार मिळाला, तरी दुसऱ्या दाराने पुन्हा आत जायचे. पुढील उद्योगांत या सवयींचा त्यांना फायदा झाला आणि प्रसंगी त्रासही झाला.

'लॉयल्टी' आणि सिंदिया कंपनी

१९१९ मध्ये वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या साथीने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिचे पहिले जहाज 'लॉयल्टी' नवे नव्हते. कॅनडियन पॅसिफिक कंपनीने 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने १८९१ पासून पॅसिफिक महासागरात चालवलेली ही प्रवासी बोट पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली होती. आत फेरबदल करून, नाव बदलून ती जखमी सैनिकांसाठी तरंगते रुग्णालय म्हणून वापरली गेली. युद्ध संपताच वालचंदांनी तिचा सौदा ठरवला. कंपनीला सिंदिया हे नाव मिळाले ते ग्वाल्हेरच्या याच राजघराण्यावरून.

५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनच्या प्रवासाला निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीचे मोठे जहाज आंतरराष्ट्रीय सागरी मार्गावर निघण्याची ही घटना पुढे इतकी महत्त्वाची मानली गेली, की १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. प्रत्यक्षात मात्र हे जहाज कंपनीला फायद्याचे ठरले नाही. ते जुने होते, कोळसा अधिक खाई. चारच वर्षांत, १९२३ मध्ये, ते मुंबईत मोडीत निघाले. जुने वाहन दुरुस्त करून चालवता येते, पण त्याच्या जोरावर धंदा उभा करता येत नाही, याचा वालचंदांना आलेला हा पहिला अनुभव म्हणता येईल.

लॉर्ड इंचकेप यांच्या अधिपत्याखालील ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला कोंडीत पकडले. १९२३ मध्ये झालेल्या करारात सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले. वालचंदांना हा करार फारसा मानवला नाही, परंतु कंपनी तगली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर ते अध्यक्ष झाले आणि किनारी वाहतूक भारतीय कंपन्यांसाठी राखून ठेवावी या मागणीचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, आणि भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाच्या संस्थापकांमध्येही ते होते.

याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातील कळंब येथे त्यांनी माळरानावर ऊसशेती व साखर कारखाने उभारले. कळंबच्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले.

मोटारीची कल्पना

१९३० च्या दशकात भारतातील रस्त्यांवर धावणारी प्रत्येक मोटार परदेशी होती. त्यांपैकी अनेक मुंबईतच जोडल्या जात, ही गोष्ट वेगळी. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला, त्यापाठोपाठ फोर्डनेही मुंबईत जोडणी सुरू केली. लाकडी खोक्यांतून सुटे भाग येत. भारतीय कामगार सांगाड्यावर इंजिन बसवीत, पत्र्याचे भाग जुळवीत, रंग देत आणि गाडी विक्रीस जाई. इंजिनाचे ओतकाम, पत्रा दाबण्याचे साचे, गिअरचे दाते कापणे ही खरी कारागिरी मात्र सारी परदेशात राही. जोडणी आणि निर्मिती यांतील हे अंतर वालचंदांनी नेमके ओळखले होते. जोडणीच्या कारखान्यात कामगार पाना चालवायला शिकतो, परंतु पाना कसा घडतो हे त्याला कळत नाही.

मोटारनिर्मितीची पहिली व्यवस्थित योजना वालचंदांची नव्हती. म्हैसूरचे माजी दिवाण व विख्यात अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी युरोप-अमेरिकेचा दौरा करून १९३० च्या दशकाच्या मध्यास मुंबईजवळ मोटार कारखाना काढण्याचा आराखडा तयार केला होता. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले, तेव्हा त्याने या योजनेला अनुकूलता दाखवली. वालचंदांनी ती उचलून धरली. मात्र १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रांतिक सरकारचा आधार गेला.

परदेशी सहकार्यावाचून कारखाना निघणे शक्य नव्हते. साचे, यंत्रे आणि आरेखने अमेरिकेतूनच आणावी लागणार होती. त्यासाठी वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेस गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली. शेवटी क्रायस्लर कॉर्पोरेशनने सहकार्याची तयारी दाखवली. येथे एका साम्याचा उल्लेख करण्याजोगा आहे. या कंपनीचे संस्थापक वॉल्टर क्रायस्लर हेही मूळचे रेल्वेचे माणूस, रेल्वेच्या कर्मशाळेतील यंत्रकामगार. १९०८ मध्ये त्यांनी कर्ज काढून पहिली मोटार विकत घेतली आणि ती चालवायला शिकण्यापूर्वी घरच्या कोठारात अनेकदा पूर्ण सुटी करून पुन्हा जोडली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. मोटार समजून घ्यायची तर ती उघडली पाहिजे, हा त्यांचा मार्ग होता. वालचंदांनी स्वतः कधी हातात पाना धरला नाही, पण या बाबतीत त्यांची दृष्टी निराळी नव्हती.

करार झाला तरी भारत सरकारची संमती हवी होती. युद्धकाळात परकीय चलन आणि जहाजांतील जागा दोन्ही सरकारच्या ताब्यात होत्या. मोटारनिर्मिती हा युद्धोपयोगी उद्योग ठरल्याशिवाय यंत्रे आणता येणार नव्हती आणि सरकार ते ठरवण्यास तयार नव्हते. सैन्याला हजारो मालमोटारी लागत असताना मालमोटारीचा कारखाना युद्धोपयोगी नाही, ही भूमिका वालचंदांना अनाकलनीय वाटे. सरकारची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. नवा कारखाना उभा राहून गाड्या बाहेर पडेपर्यंत वर्षे गेली असती आणि युद्धाला गाड्या तत्काळ हव्या होत्या. तथापि कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील उद्योगांना युद्धकाळात जे प्रोत्साहन मिळाले ते भारतीय उद्योगाला मिळाले नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

बंगळूर आणि विशाखापट्टणम

मोटारीच्या निमित्ताने केलेल्या त्या अमेरिकाप्रवासातच विमानाच्या कारखान्याची कल्पना जन्मली. परतीच्या प्रवासात, प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या विमानात, वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांची जोडणी करीत. ही भेट योगायोगाची होती यावर चरित्रकारांनी फार भर दिला आहे. पण त्या विमानातील अन्य कोणाही प्रवाशाने अशा भेटीतून कारखाना काढला असता असे वाटत नाही. म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदवली गेली. जपानच्या युद्धप्रवेशानंतर, १९४२ मध्ये, वालचंदांचा हिस्सा सरकारने विकत घेतला. आजच्या हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचे मूळ या कारखान्यात आहे.

विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवण्यात आली. दुसऱ्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी शहरावर बाँब टाकले आणि काम थांबले. तेथे बांधलेले पहिले मोठे जहाज 'जल उषा' १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. 'लॉयल्टी' निघाली त्याला तोपर्यंत एकोणतीस वर्षे होत आली होती. दुसऱ्याचे जुने जहाज विकत घेऊन निघालेला मार्ग येथे स्वतः बांधलेल्या नव्या जहाजापर्यंत आला. पुढे १९५२ मध्ये ही गोदीही सरकारकडे गेली.

कुर्ल्याचा कारखाना

विमाने व जहाजे एकामागून एक सरकारकडे जात असताना मोटारीचा कारखाना मात्र वालचंद समूहाकडे राहिला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तोवर बिर्ला समूहाची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये निघाली होती, त्यामुळे पहिलेपणाचा मान वालचंदांना मिळाला नाही. मुंबईच्या कुर्ला उपनगरात कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या मोटारी व त्याच घराण्यातील डॉज, डिसोटो आणि फार्गो या मालमोटारी कुर्ल्यात तयार होत.

आरंभी ही जोडणीच होती. शिवडीत अमेरिकन कंपनी जे करीत होती, तेच कुर्ल्यात भारतीय कंपनी करू लागली. टीकाकारांनी ही गोष्ट तेव्हाही दाखवून दिली आणि ती खोटी नव्हती. फरक होता तो हेतूचा. कुर्ल्याच्या कारखान्याने एकेक भाग येथे बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ओतकाम, यंत्रकाम आणि पत्राकाम ही कामे टप्प्याटप्प्याने देशात येऊ लागली. मोटार म्हणजे हजारो सुट्या भागांचा समुदाय. त्यांतील एकही भाग वेळेवर न आल्यास गाडी कारखान्यातच अडते. त्यामुळे केवळ एक कारखाना काढून भागत नाही, त्याच्या भोवती स्प्रिंगा, बॅटऱ्या, काचा, रबरी भाग, रंग बनवणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे विणावे लागते. असे जाळे त्या वेळी देशात नव्हते, ते हळूहळू वाढत गेले.

कुर्ल्याच्या मोटारींचे एक वैशिष्ट्य जुन्या गाड्यांच्या जाणकारांना विशेष माहीत असते. डॉज किंग्सवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या निर्यातीसाठीच्या गाड्या आतून मुख्यतः प्लिमथच होत्या. सांगाडा, दारे, छप्पर आणि सहा सिलिंडरांचे बाजूच्या झडपांचे इंजिन एकच. पुढची जाळी, बोधचिन्ह, चकाकणाऱ्या पट्ट्या आणि आतील सजावट बदलली की नाव बदले. क्रायस्लरने ही युक्ती परदेशी विक्रेत्यांच्या सोयीसाठी काढली होती. एकाच अंगावर तीन चेहरे बसवण्याची ही पद्धत कारखान्याला स्वस्त पडे. गॅरेजवाल्यांनाही ती पुढे अनेक वर्षे उपयोगी पडली, कारण एका गाडीचे मडगार्ड दुसरीला सहज बसे.

मालमोटारींच्या बाबतीत निराळी व्यवस्था होती. कारखान्यातून बहुधा सांगाडा, इंजिन आणि पुढचा काही भाग एवढेच मिळे. चालकाची केबिन व मालाचा हौदा ग्राहकाने आपल्या गावी बांधून घ्यायचा. हे काम सुतार, लोहार आणि रंगारी मिळून करीत. सागवानी चौकट, वर पत्रा, कडांना लोखंडी पट्ट्या आणि शेवटी फुले, पक्षी, देवदेवता, मालकाचे नाव. प्रत्येक मालमोटार अशा रीतीने एकमेव होई. अमेरिकेत ज्याला हौशी लोक गाडीला आपल्या मनाजोगे रूप देणे म्हणतात, ते भारतात गरजेपोटी व परंपरेने, कोणतेही वेगळे नाव न घेता, चालत आले आहे. वालचंदांच्या योजनेत या कारागिरांचा उल्लेख नसला, तरी त्यांच्यावाचून कुर्ल्याचा सांगाडा मालमोटार झाला नसता.

१९४९ मध्ये सरकारने पूर्ण तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी घातली. १९५३ मध्ये जकात आयोगाने शिफारस केली, की ज्या कंपन्यांकडे देशात निर्मिती करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच या व्यवसायात राहू द्यावे, निव्वळ जोडणी करणाऱ्यांना नको. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी त्यानंतर आपला येथील गाशा गुंडाळला. जोडणी व निर्मिती यांतील ज्या भेदासाठी वालचंद दीड दशक भांडले, तो भेद आता सरकारी धोरण झाला होता.

आजार आणि मृत्यू

हे पाहण्यास ते प्रकृतीने समर्थ राहिले नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढील वर्षी त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. बंधू गुलाबचंद, लालचंद व रतनचंद यांनी समूहाचे निरनिराळे उद्योग सांभाळले. त्यांपैकी मोटारउद्योगाची धुरा लालचंद हिराचंद यांच्याकडे होती. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. जकात आयोगाची शिफारस ज्या वर्षी झाली त्याच वर्षी, ८ एप्रिल १९५३ रोजी, सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले.

मूल्यमापन

वालचंदांवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की त्यांनी एकाच वेळी फार उद्योग अंगावर घेतले आणि पुरेशा भांडवलावाचून घेतले. बंगळूरचा कारखाना आणि विशाखापट्टणमची गोदी सरकारने ताब्यात घेतली यात सरकारी धोरणाचा वाटा होता तसाच समूहाच्या आर्थिक मर्यादांचाही होता. ब्रिटिश सरकारवर कडाडून टीका करीत असताना त्याच सरकारकडून युद्धकाळातील मागण्या मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न काही समकालीनांना विसंगत वाटे. हे आक्षेप निराधार नाहीत. मात्र यांतील कोणताही उद्योग त्यांनी केवळ नफ्यासाठी निवडला असे म्हणता येत नाही. साखर आणि बांधकाम यांत पैसा होता. विमाने, जहाजे आणि मोटारी यांत त्या काळी होती ती मुख्यतः अडचणच. पहिल्यांतील पैसा ते दुसऱ्यांत घालीत राहिले.

गं. दे. खानोलकर यांनी वालचंदांचे विस्तृत चरित्र मराठीत लिहिले आहे. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंदांचे नाव देण्यात आले. सोलापुरातही त्यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था आहे. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

कुर्ल्याच्या गाड्यांचे उत्तरायुष्य

अमेरिकेत डॉज व प्लिमथ या नावांचा लौकिक १९६० च्या दशकात पालटला. प्लिमथ बॅराकुडा, डॉज चार्जर, रोड रनर अशा प्रचंड इंजिनांच्या गाड्या निघाल्या. त्यांना 'मसल कार' म्हणतात आणि त्या जुन्या स्थितीत आणून नव्या रंगात सजवणे हा तेथे मोठा छंद व धंदा आहे. भारतात याच नावांचा अर्थ निराळा राहिला. येथे डॉज म्हणजे लग्नाच्या वरातीची किंवा टॅक्सीची प्रशस्त, संथ मोटार. पेट्रोल महाग झाले तेव्हा अशा पुष्कळ गाड्यांचे मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्यात आले. त्यासाठी इंजिनाचे आधार बदलावे लागत, गिअरबॉक्स जुळवावा लागे, कधी बॉनेटखालचा पत्राही कापावा लागे. गाडी आवाज व धूर करी, पण मालकाचे पोट भरी.

आज या गाड्या मूळ रूपात आणू पाहणाऱ्यांपुढे हीच मोठी अडचण असते. काढलेले इंजिन कधीच भंगारात गेलेले असते. गॅरेजमध्ये गाडी आली, की आधी ती पूर्ण सुटी करतात. काचा, दारे, आसने, चकाकणाऱ्या पट्ट्या निघाल्यावर जुना रंग उतरवला जातो आणि तेव्हा कुठे खरी स्थिती कळते. समुद्रकाठच्या हवेत तळाचा पत्रा आणि दारांच्या खालच्या कडा गंजून जाळी झालेल्या असतात. पूर्वीच्या दुरुस्त्यांत तेथे पत्र्याऐवजी लांबीचे जाड थर भरलेले आढळतात. कसबी डेंटर ती सारी लांबी काढून कुजलेला भाग कापतो, नवा पत्रा हातोडी व ठोकळ्याच्या साहाय्याने मूळ वळणावर आणतो आणि सांधतो. लांबी मग नखाएवढ्या पातळ थरापुरतीच लागते. त्यानंतर अस्तराचा रंग, घासकाम, पुन्हा अस्तर आणि शेवटी वरचा रंग. तीन नावांच्या गाड्यांचे अंग एकच असल्याने प्लिमथचे दार डॉजला मिळते, ही सोय अजूनही आहे. त्याच सोयीमुळे जाळी व बोधचिन्ह बदलून एका नावाची गाडी दुसऱ्या नावाने विकली जाण्याची शक्यताही आहे. जाणकार म्हणून सांगाड्यावरील क्रमांक पाहतात.

कुर्ल्याचा कारखाना सर्वाधिक ओळखला गेला तो मात्र अमेरिकन नव्हे, तर इटालियन गाडीमुळे. १९५० च्या दशकात फियाटशी सहकार्य झाले. फियाट ११०० चे पुढील रूप प्रीमियर पद्मिनी या नावाने दशकानुदशके बनत राहिले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ते ठरलेले रूप झाले. टॅक्सीवाल्यांनी छताला आतून फुलाफुलांचे कापड लावले, आरशाभोवती माळा गुंफल्या, गिअरच्या दांड्याला रंगीत मूठ बसवली. या लहानशा गाडीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली.